इटालियन ऑपेराचा अभ्यास कसा करावा: ‘ला त्राव्हियाता’ हाताशी धरून

६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनीचे थिएटरात ‘ला त्राव्हियाता’चा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा संगीतकार जुझेप्पे वेर्दी यानं आपला शिष्य एमानुएले मुत्सियो याला कळवलं, की काल रात्री त्राव्हियाता पडली. दोष माझा की गायकांचा, ते काळच ठरवेल. ही ओळ पुढे प्रत्येक चरित्रात, प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत छापली गेली. तिच्यावर गोष्टींचे थर चढले: नायिका स्थूल होती, क्षयानं मरतानाचा तिचा प्रवेश पाहून प्रेक्षक हसले, वर्षभरानं हाच ऑपेरा जसाच्या तसा पुन्हा झाला आणि डोक्यावर घेतला गेला. यातलं खरं किती, हे शोधायला बसलं की इटालियन ऑपेराच्या अभ्यासाची बहुतेक साधनं एकामागून एक हाताळावी लागतात. म्हणून या लेखात उदाहरण म्हणून मुख्यतः हाच ऑपेरा घेतला आहे.

हा लेख ऐकण्याची गोडी असलेल्यांसाठी आहे. संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी चिकाटी, कोशाच्या आधारानं वाचता येईल इतकं इटालियन आणि पाश्चात्त्य स्वरलिपीची तोंडओळख एवढी शिदोरी पुरते. गोव्यातल्या वाचकांना स्वरलिपीची अडचण बहुधा येणार नाही. तिथल्या चर्चशाळांनी ती पिढ्यान् पिढ्या शिकवली आहे. इतरांनी पियानो किंवा व्हायोलिन शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे काही महिने बसावं, तेवढ्यात काम भागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकातला इटालियन ऑपेरा ही एकट्या संगीतकाराची निर्मिती नव्हती. कवी, आधीच करारबद्ध झालेले गायक, थिएटरचा हंगाम ठेक्यानं घेणारा इंप्रेसारिओ, सेन्सॉर आणि प्रकाशक या सगळ्यांच्या ओढाताणीतून तो आकाराला येई. ही ओढाताण कागदांवर शिल्लक आहे. ते कागद वाचल्याशिवाय स्वरांचा अर्थ लावायला बसू नये.

पायरी १: एकच ऑपेरा घ्या

‘वेर्दी’ किंवा ‘व्हेरिझ्मो’ (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा वास्तववादी ऑपेरा) असे विषय घेऊन सुरुवात करू नका. एक ऑपेरा घ्या, आणि तोही असा की ज्याचे कागद छापले गेले आहेत आणि सहज मिळतात. वेर्दीचे ‘रिगोलेत्तो’, ‘ला त्राव्हियाता’, ‘माकबेथ’, पुच्चिनीचे ‘ला बोहेम’, ‘मादामा बटरफ्लाय’ हे त्या दृष्टीनं सोयीचे. रोस्सिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ही चांगला. दोनिझेत्तीनं साठाहून अधिक ऑपेरे लिहिले, त्यातले कित्येक मोहक आहेत, पण पहिल्याच अभ्यासाला एखादा विस्मृतीतला ऑपेरा घेतलात तर साधनं शोधण्यातच दम जाईल.

निवडलेला ऑपेरा पहिल्या आठवड्यात दोनदा ऐका: एकदा मजकूर समोर ठेवून, एकदा न ठेवता. तिसऱ्यांदा ऐकायची घाई करू नका. आता वाचायचं आहे.

पायरी २: लिब्रेटो कविता म्हणून वाचा

बहुतेक जण इथेच चुकतात. लिब्रेटो, म्हणजे ऑपेराचा गायचा मजकूर, हा गोष्टीचा सारांश समजून ते इंग्रजी भाषांतरावरून नजर फिरवतात. पण लिब्रेटो हे छंदोबद्ध काव्य आहे, आणि त्याचा छंदच संगीताला सांगत असतो की इथे बोल, इथे गा.

आपल्याला मात्रा आणि गण माहीत असतात. इटालियन छंद लघुगुरू पाहत नाही. तो अक्षरं मोजतो आणि शेवटचा आघात कुठे पडतो ते पाहतो. ओळीचं नाव त्या आघाताच्या पुढच्या अक्षरापर्यंतच्या संख्येवरून ठरतं. शेवटचा आघात सहाव्या अक्षरावर असेल तर ओळ सात अक्षरी, म्हणजे सेत्तेनारिओ; सातव्यावर असेल तर आठ अक्षरी, ओत्तोनारिओ; दहाव्यावर असेल तर अकरा अक्षरी, एन्देकासिल्लाबो. शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला, तर दोन्ही मिळून सहसा एकच अक्षर धरतात.

आता त्राव्हियाताच्या पहिल्या अंकाचा शेवट पाहा. मेजवानी संपली आहे, नायिका व्हायोलेत्ता एकटी आहे. ती ‘ए स्त्रानो’ (नवलच आहे) असं पुटपुटते. इथे ओळी यमकाविना आहेत, सात आणि अकरा अक्षरांच्या मिसळीच्या. या मोकळ्या छंदाला व्हेर्सी शोल्ती म्हणतात, आणि तो दिसला की समजावं: इथे बोलल्यासारखं गाणं येणार.

मग येतं ‘आ, फोर्से लुई के लानिमा / सोलिंगा ने तुमुल्ती’. दुसरी ओळ मोजा: सो-लिं-गा-ने-तु-मुल्-ती. सात. पहिली जास्त वाटते, पण तिचा शेवटचा आघात ‘ला’वर, म्हणजे सहाव्या अक्षरावरच आहे, त्यापुढची ‘निमा’ ही दोन अक्षरं आघाताविना निसटतात. तीही सेत्तेनारिओच. यमकं जुळतात, कडवं उभं राहतं, आणि संगीतही संथ, लांब श्वासाची चाल धरतं.

पुढे ‘फोल्लिये! फोल्लिये!’ (वेडेपणा आहे हा!) म्हणत ती स्वतःला झिडकारते, आणि छंद पुन्हा मोकळा होतो. शेवटी ‘सेम्प्रे लीबेरा देज्जीओ’. मोजा: सेम्-प्रे-ली-बे-रा-देज्-जी-ओ. आठ. ओत्तोनारिओच्या ठेक्यात ती जाहीर करते, की मी स्वैरच जगणार.

चार तुकडे, तीन छंदबदल, आणि तुम्ही अजून एक स्वरही पाहिलेला नाही. तरी या प्रवेशाचा सांगाडा हाती आला. फ्रान्चेस्को मारिया पियावे या कवीला ‘वेर्दीचा सांगकाम्या’ म्हणून हिणवायची जुनी रीत आहे. त्याच्या ओळी अशा मोजून पाहिल्यावर त्या हेटाळणीत मला तरी तथ्य वाटत नाही.

लिब्रेटोची भाषा रोजच्या इटालियनपेक्षा वेगळी असते. आशेला ‘स्पेमे’, हृदयाला ‘कोरे’, आत्म्याला ‘आल्मा’, डोळ्यांना ‘राइ’ असे ठेवणीतले शब्द सतत येतात. तीस-चाळीस शब्दांची वही करा. पुढचे दहा ऑपेरे ती उपयोगी पडेल. मजकूर मिळवणं अवघड नाही. इटालियन लिब्रेट्टोंची मोफत संकेतस्थळं आहेत, आणि ला फेनीचेनं आपल्या अनेक कार्यक्रमपुस्तिका लिब्रेटो आणि अभ्यासलेखांसह आंतरजालावर ठेवल्या आहेत.

पण शक्य असेल तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी छापलेल्या लिब्रेटोची प्रतिमा पाहा. त्या काळी लिब्रेटो दर थिएटरसाठी, दर हंगामाला नव्यानं छापला जाई. त्यात गायकांची नावं असतात, कधी वादकांचीही. प्रत्यक्षात न गायल्या गेलेल्या ओळींवर अवतरणचिन्हं असतात. अशा दोन शहरांतल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की सेन्सॉरचा हात उघडा पडतो.

पायरी ३: ‘नेहमीचा साचा’ ओळखा

वर जे चार तुकडे पाहिले, त्यांना त्या काळच्या व्यवसायात ठरलेली नावं होती: शेना (बोलता प्रवेश), कांताबिले (संथ गाणं), तेम्पो दी मेझो (मधला धक्का: बातमी येते, कुणी येतं, मन पालटतं) आणि काबालेत्ता (वेगाचं, सहसा दोनदा गायलं जाणारं गाणं). द्वंद्वगीत असेल तर कांताबिलेच्या आधी तेम्पो दात्ताक्को हा आणखी एक भाग, ज्यात दोघं एकमेकांना भिडतात.

फ्लॉरेन्सच्या आब्रामो बाझेव्ही या समीक्षकानं १८५९मध्ये वेर्दीच्या ऑपेरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात ‘रिगोलेत्तो’मधल्या रिगोलेत्तो आणि स्पाराफुचिलेच्या संवादगीताबद्दल लिहिताना त्यानं ‘द्वंद्वगीतांचा नेहमीचा साचा’, ला सोलिता फोर्मा, हे शब्द वापरले. म्हणजे वेर्दीच्या हयातीतल्या जाणकाराला हा साचा ठाऊक होता, आणि तो कुठे मोडला हेही. १९८७मध्ये अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड पॉवर्स यांनी बाझेव्हीचे हे शब्द पुन्हा पुढे आणले, आणि त्यानंतरची काही वर्षं वेर्दीवरची निम्मी चर्चा या साच्याभोवती फिरली.

साचा शिका, कारण त्याच्यावाचून श्रोत्यांची अपेक्षा काय होती हे कळत नाही. त्राव्हियाताच्या दुसऱ्या अंकात व्हायोलेत्ताच्या प्रियकराचा बाप जेर्मों याचं ‘दी प्रोव्हेंझा’ हे गाणं सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर त्याची काबालेत्ता आहे, ती कित्येक प्रयोगांत गाळतात. गाळली की बापाचं गाणं एक सुटी, भावुक आठवण होऊन बसतं. ठेवली तर मुलावर दुसऱ्यांदा दबाव टाकणारा माणूस दिसतो. दोन पात्रं, एकाच कागदावरची.

पण प्रत्येक गाणं या चौकटीत कोंबायचा मोह टाळा. दुसऱ्या अंकातलं व्हायोलेत्ता आणि जेर्मोंचं लांबलचक द्वंद्वगीत घ्या. त्याला साच्याची नावं लावता येतात, पण तीन अभ्यासक तीन ठिकाणी रेघा मारतात. तिथे रेघ कुठे मारायची यापेक्षा महत्त्वाचं आहे ते प्रियकराला सोड या जेर्मोंच्या मागणीपुढे व्हायोलेत्ताचं पाऊल पाऊल मागे हटणं: आधी नकार, मग विनवणी, मग ‘दिते आल्ला जोव्हिने’ (सांगा त्या मुलीला, म्हणजे जेर्मोंच्या लेकीला) हे जवळजवळ श्वासावर गायलेलं मान्य करणं. छंद, स्वरस्थान आणि लय तिन्ही तिच्या खचण्याबरोबर बदलतात. कागदावर तक्ता करा: डावीकडे ओळी, मध्ये छंद, उजवीकडे लय आणि स्वरस्थान. असा एक तक्ता पाच समीक्षालेखांच्या तोडीचा असतो.

पायरी ४: कुठली प्रत समोर आहे ते आधी विचारा

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून पाठ पडताळला गेला. ऑपेरातही नेमकं हेच काम १९७०च्या दशकापासून चालू आहे. रोस्सिनीची चिकित्सक आवृत्ती पेझारो इथल्या रोस्सिनी प्रतिष्ठानानं हाती घेतली. तिचा पहिला खंड, ‘ला गाझ्झा लाद्रा’, १९७९मध्ये आला. वेर्दीची आवृत्ती शिकागो विद्यापीठाचं प्रकाशन आणि मिलानची रिकोर्दी ही प्रकाशनसंस्था मिळून काढतात. तिची सुरुवात १९८३मध्ये ‘रिगोलेत्तो’नं झाली. दोन्हींमागे फिलिप गॉसेट या अमेरिकन अभ्यासकाची उमेद होती.

अशा आवृत्तीची गरज का पडली? कारण दीडशे वर्षं थिएटरं भाड्यानं मिळणाऱ्या नकलांवरून वाजवत होती. नकलनवीस चुकले, वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी पेन्सिलनं फेरफार केले, छापणाऱ्यांनी विसंगती ‘सुधारून’ टाकल्या. वेर्दीनं एका वाद्याला जोडून आणि दुसऱ्याला तोडून स्वर लिहिले असतील, तर छापील प्रतीत दोन्ही सारखे केलेले सापडतात.

यातून कधी कधी अख्खी कृती परत मिळते. रोस्सिनीनं १८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्या राज्याभिषेकानिमित्त ‘इल व्हियाज्जो आ रॅम्स’ लिहिला आणि थोड्याच प्रयोगांनंतर मागे घेतला. त्यातलं बरंचसं संगीत त्यानं १८२८च्या ‘ल कोंत ओरी’त वापरलं. ऑपेरा हरवला असंच सगळे धरून चालले होते. रोमच्या सांता चेचिलिया ग्रंथालयातले आणि इतर ठिकाणचे कागद जुळवून अभ्यासकांनी तो उभा केला, आणि १९८४मध्ये पेझारोला क्लाउदिओ आब्बादोच्या नेतृत्वाखाली तो पुन्हा वाजला. ग्रंथालयातल्या धुळकट गठ्ठ्यातून थेट रंगमंचावर जाणारी वाट इतकी सरळ क्वचितच दिसते.

तुमच्यासाठी व्यवहारातली गोष्ट अशी: आंतरजालावर फुकट मिळणाऱ्या स्वरलिपी बहुतेक जुन्या रिकोर्दी प्रतींच्या असतात. त्या वापरा, पण प्लेट क्रमांक (छपाईच्या पत्र्याला प्रकाशकानं दिलेला क्रमांक) आणि वर्ष टिपून ठेवा. चिकित्सक आवृत्तीचे खंड महाग असतात. मात्र तिची प्रस्तावना आणि टीपांचा खंड हाच अभ्यासकाला खरा हवा असतो, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून तो मागवता येतो. ‘सेम्प्रे लीबेरा’च्या शेवटी सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) जो आकाशाला भिडणारा वरचा ई फ्लॅट लावतात, तो वेर्दीनं लिहिलेला नाही. परंपरेनं आलेला आहे. तो आवडणं न आवडणं वेगळं, पण ‘वेर्दीनं इथे व्हायोलेत्ताला टिपेला नेलं’ असं लिहायच्या आधी पान उघडून पाहावं.

मिलानमधल्या रिकोर्दी अभिलेखागाराची गाठ इथेच पडते. जोव्हान्नी रिकोर्दीनं १८०८मध्ये प्रकाशनसंस्था काढली, आणि वेर्दीच्या २८ ऑपेरांपैकी २३ची स्वहस्ताक्षरातली स्वरलिपी आज त्या संग्रहात आहे. ब्रेरा राजवाड्यातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात तो ठेवलेला आहे; पत्रं, नेपथ्याची रेखाटनं, वेशभूषेची चित्रं यांचा मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. एक दुपार नुसती चाळण्यात घालवा.

पायरी ५: गोष्टीला कागद मागा

आता त्या पडलेल्या पहिल्या प्रयोगाकडे. पुरावे एका रांगेत मांडू.

पहिला पुरावा वेर्दीची पत्रं. तो पडल्याचं सांगतो, आणि दोष कुणाचा हे मोकळं सोडतो. प्रयोगाआधीच नायिकेच्या निवडीबद्दल त्याला शंका होती, हेही पत्रव्यवहारात दिसतं.

दुसरा पुरावा व्हेनिसचं वर्तमानपत्र. तिथला समीक्षक पहिल्या अंकातल्या नायिकेच्या, फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्लीच्या, गाण्याची तोंडभरून स्तुती करतो. पहिला अंक रंगला होता. घसरण नंतर झाली. म्हणजे ‘स्थूल नायिकेमुळे पडला’ ही गोष्ट इथेच डळमळते.

तिसरा पुरावा जेर्मोंची भूमिका करणारा फेलिचे व्हारेझी. हा काही ऐरागैरा नव्हता. वेर्दीचा पहिला माकबेथ आणि पहिला रिगोलेत्तो तोच. प्रयोगानंतर त्यानं लिहिलं, की हाताशी असलेल्या गायकांचे गुण वेर्दीला वापरता आले नाहीत. पण हे पत्र कुणाला गेलं ते पाहा: प्रकाशक लुक्काला. लुक्का हा रिकोर्दीचा प्रतिस्पर्धी. रिकोर्दीचं स्वतःचं ‘गाझेत्ता मुझिकाले दी मिलानो’ होतं, लुक्काचं ‘लितालिया मुझिकाले’. कुठल्या नियतकालिकात कुणाची बाजू लावून धरली जाईल, हे मालक पाहूनच कळतं. एकोणिसाव्या शतकातलं कुठलंही संगीतपरीक्षण वाचताना आधी मालकाचं नाव शोधा.

चौथा पुरावा सगळ्यांत बोलका. ६ मे १८५४ला व्हेनिसच्याच सान बेनेदेत्तो थिएटरात त्राव्हियाता पुन्हा झाली आणि प्रचंड गाजली. त्याच महिन्यात वेर्दीनं नेपल्सचा मित्र चेझारे दे सांक्तिस याला लिहिलं, की हा ऑपेरा तोच आहे, अगदी तोच. काही जागी पट्टी बदलली आणि गायकांसाठी थोडी मुरड घातली इतकंच. स्वरलिपीचे कागद मात्र वेगळं सांगतात. दोन्ही पाठ ताडून पाहिले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकातले मिळून पाच भाग वेर्दीनं सुधारलेले आढळतात, त्यात व्हायोलेत्ता आणि जेर्मोंचं ते द्वंद्वगीतही आहे. खुद्द रचनाकाराचं पत्र, तेही ताजं, तरी अपुरं. त्याला आपला ऑपेरा आधीपासूनच चांगला होता हे ठसवायचं होतं, आणि त्याचा तो राग मी समजू शकतो. पण पत्र हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

पत्रांबाबत आणखी एक सावधगिरी. संगीतकार बेल्लिनीचा जिवलग मित्र फ्रान्चेस्को फ्लोरिमो नेपल्सच्या संगीतविद्यालयाचा ग्रंथपाल होता. मित्राच्या मृत्यूनंतर त्यानं काही पत्रं नष्ट केली, काहींत बदल केले. प्रेमापोटी केले, पण अभ्यासकांच्या वाटेत काटे पेरले. म्हणून पत्राचं अवतरण घेताना मूळ कागद आज कुठे आहे, आणि नसेल तर ते पहिल्यांदा कुणी, कधी छापलं, या दोन गोष्टी टिपल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच शिस्तीनं एक फार मोठी गोष्ट कोसळली. ९ मार्च १८४२ला मिलानच्या ला स्काला थिएटरात वेर्दीचा ‘नाबुक्को’ पहिल्यांदा झाला तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या प्रेक्षकांनी ‘व्हा, पेन्सिएरो’ या गुलाम हिब्रूंच्या समूहगीताला हट्टानं वन्स मोअर घेतला, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. ब्रिटिश अभ्यासक रॉजर पार्कर यांनी त्या दिवसांतली परीक्षणं काढून वाचली. वन्स मोअर मिळाला होता, पण दुसऱ्याच समूहगीताला: शेवटच्या ‘इम्मेन्सो येहोव्हा’ला. याचा अर्थ ‘व्हा, पेन्सिएरो’चं मोल कमी झालं असा नाही. १९०१मध्ये वेर्दीच्या अंत्ययात्रेत वाद्यवृंदसंचालक तोस्कानिनीनं ते गाववून घेतलं, तोवर ते राष्ट्राचं गाणं झालं होतं. प्रश्न एवढाच उरतो, की ते केव्हा आणि कुणी तसं केलं. आणि तो जुन्या गोष्टीपेक्षा कितीतरी रसाळ आहे.

पायरी ६: सेन्सॉर आणि राजकारण

इटली १८६१पर्यंत एक देश नव्हता. मिलान आणि व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, रोम पोपकडे, नेपल्स बूर्बों राजांकडे. प्रत्येकाचा सेन्सॉर वेगळा, भीती वेगळी. त्राव्हियाता समकालीन पॅरिसमध्ये घडावी असं वेर्दीला हवं होतं. ती ज्यांवरून घेतली, ती धाकट्या द्युमाची कादंबरी १८४८ची, नाटक १८५२चं, सगळं अगदी ताजं. पण लिब्रेटोवर छापावं लागलं ‘सुमारे १७००’. रोममध्ये तीच ‘व्हायोलेत्ता’ या नावानं, साफसूफ करून दाखवली गेली. ‘रिगोलेत्तो’ व्हिक्तर ह्यूगोच्या ज्या नाटकावर आहे, ते पॅरिसमध्ये १८३२ साली एका प्रयोगानंतर बंद पडलं होतं. व्हेनिसच्या सेन्सॉरनं राजाचा ड्यूक करायला लावला, तेव्हा कुठे ११ मार्च १८५१ला पडदा उघडला. ‘उन बाल्लो इन मास्केरा’ स्वीडनच्या राजाच्या खुनावरचा. जानेवारी १८५८मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बाँब फेकले गेले आणि नेपल्सच्या अधिकाऱ्यांनी राजहत्येचा विषय साफ नाकारला. शेवटी १७ फेब्रुवारी १८५९ला तो रोममध्ये झाला आणि कथा थेट बॉस्टनला गेली.

इथे करायचं काम सोपं आहे: मूळ नाटक, कवीचा पहिला आराखडा आणि छापील लिब्रेटो यांतली तीन-चार स्थळं समोरासमोर मांडा. सेन्सॉरनं नुसतं तोडलं की त्यामुळे काही नवं सुचलं, हे प्रत्येक स्थळी स्वतंत्रपणे विचारा.

पायरी ७: विसाव्या शतकात हत्यारं बदला

पुच्चिनीकडे याल तेव्हा नेहमीचा साचा विरलेला असेल. छंदही सैल होतो. लुईजी इल्लिकाच्या ओबडधोबड लांबीच्या ओळींना त्याचा जोडीदार कवी जुझेप्पे जाकोझा थट्टेनं ‘इल्लिकासिल्लाबी’ म्हणत असे. इथे तुकडे मोजण्यापेक्षा वाद्यवृंदातल्या परत परत येणाऱ्या स्वरवाक्यांची नोंद ठेवणं जास्त कामाचं.

आणि पाठांचा गुंता वाढतो. ‘मादामा बटरफ्लाय’ १७ फेब्रुवारी १९०४ला ला स्कालात झाला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि एका रात्रीतच तो मागे घेतला गेला. २८ मेला ब्रेशा शहरात सुधारलेला पाठ गाजला. १९०६च्या अखेरीला पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये तो पुन्हा बदलला. या प्रवासात काय गळलं ते पाहा: मिलानच्या पाठात पिंकर्टन हा अमेरिकन नौदल अधिकारी जपानी माणसांबद्दल उघड तुच्छतेनं बोलतो, लग्नातले नातेवाईक थट्टेचा विषय होतात, त्याच्या अमेरिकन बायकोला, केटला, बरंच काही बोलायला आहे. टेनरचं, म्हणजे पिंकर्टनचं, ‘आद्दिओ, फियोरितो आझिल’ हे पश्चात्तापाचं गाणं तिथे नव्हतंच. ते ब्रेशासाठी आलं. पिंकर्टन प्रत्येक पाठात जरा जास्त सुसह्य होत जातो, आणि साम्राज्यवादी पुरुषाचं पहिलं, जास्त खरं चित्र फिकं पडतं. माझं मत मिलानच्या पाठाकडे झुकतं. डिसेंबर २०१६मध्ये रिकार्दो शाईच्या नेतृत्वाखाली ला स्कालानं आपला हंगाम त्याच पाठानं उघडला. त्याचं चित्रीकरण मिळवून रूढ पाठाशेजारी ठेवून पाहा. या ऑपेरातल्या वंशवादाबद्दल बोलायचं असेल तर आपण कुठल्या पाठाबद्दल बोलतो आहोत, हे पहिल्या वाक्यातच लिहा.

‘तुरांदोत’चा प्रश्न निराळा. पुच्चिनी नोव्हेंबर १९२४मध्ये ब्रुसेल्सला वारला, शेवट अपुरा राहिला. संगीतकार फ्रांको आल्फानोनं तो पूर्ण केला, आणि २५ एप्रिल १९२६च्या पहिल्या प्रयोगात तोस्कानिनीनं पुच्चिनीचे स्वर संपले तिथेच वाद्यवृंद थांबवला. पुढे लुचानो बेरिओनं वेगळा शेवट लिहिला. दोन्ही शेवट ऐकून पुच्चिनीच्या आराखड्यांशी ताडणं हा सहा महिन्यांचा चांगला उद्योग आहे.

पायरी ८: जुन्या ध्वनिमुद्रिका

विसाव्या शतकानं अभ्यासकाला दिलेली ही देणगी. १८८७मध्ये वेर्दीच्या ‘ओतेल्लो’त पहिल्यांदा उभा राहिलेला फ्रान्चेस्को तामान्यो १९०३मध्ये मुद्रित झाला. ‘ओतेल्लो’तला पहिला यागो आणि वेर्दीच्याच ‘फाल्स्टाफ’मधला पहिला फाल्स्टाफ, व्हिक्तर मोरेल, यानं १९०७मध्ये फाल्स्टाफचं ‘क्वांदेरो पाज्जो’ हे इवलंसं गाणं मुद्रित केलं: स्टुडिओत जमलेली मंडळी ओरडून दाद देतात, तो पुन्हा गातो, आणि तिसऱ्यांदा फ्रेंचमधून. वेर्दीनं ज्यांना समोर बसवून शिकवलं त्यांचे हे आवाज आहेत.

ऐकताना छापील पान समोर ठेवा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या: लय कुठे ताणली, स्वर कुठे घसरवत नेला, कुठे न लिहिलेलं गायलं. साथीला बहुधा पियानो असतो, तबकडीची लांबी तोकडी असते, गायक उतारवयात असतात. म्हणून तामान्यो संथ गातो म्हणजे वेर्दीला संथ हवं होतं, असा निष्कर्ष काढू नका. निदान असं गाणं त्या पिढीला चुकीचं वाटत नव्हतं, एवढं निश्चित म्हणता येतं.

पायरी ९: लिहायला बसताना

प्रश्न लहान ठेवा. ‘वेर्दीच्या स्त्रिया’ नको. ‘व्हायोलेत्ताच्या कांताबिलेचं दुसरं कडवं गाळलं तर पुढच्या काबालेत्ताचं काय होतं’ हा चालेल. त्याचं उत्तर पंधरा पानांत देता येतं आणि दुसऱ्याला तपासता येतं. आधी काय लिहिलं गेलं आहे ते पाहायला पार्माच्या वेर्दी अभ्याससंस्थेचं ‘स्तुदी व्हेर्दियानी’ आणि केंब्रिजचं ऑपेरा नियतकालिक चाळा. पुच्चिनीसाठी लुक्का शहरातलं अभ्यासकेंद्र आहे. माणसांची चरित्रं पाहायला त्रेक्कानीचा इटालियन चरित्रकोश मोफत आहे, आणि भरवशाचा.

आपल्याकडे बसूनच करता येईल असंही एक काम आहे. एकोणिसाव्या शतकात इटालियन ऑपेरा मंडळ्या भारतात येत होत्या. कलकत्त्यातल्या त्यांच्या हंगामांवर अभ्यास झालेले आहेत. मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकगृहांच्या जाहिराती त्याच नजरेनं चाळायला हव्यात: कुठला ऑपेरा, कुठल्या भाषेत, किती तिकीट, पाहायला कोण. मराठी संगीत नाटक त्याच शहरात, त्याच दशकांत उभं राहत होतं. प्रभाव होता असं गृहीत धरून बसू नका, नव्हता असंही नको. प्रत्येक जाहिरातीसाठी वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, रकाना आणि मूळ शब्द जसेच्या तसे अशी पाच खान्यांची नोंद करा, आणि शंभर नोंदी होईपर्यंत एकही निष्कर्ष लिहू नका.